मावशींना सांगितलेली लंका

"एका माकडानं? पुऱ्या देशाची लाइन घालवली?"

मावशींच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली.

"मी नाही म्हणत, त्यांचा मंत्रीच म्हणाला," मी सांगितलं. "9 फेब्रुवारी, रविवार. आम्ही कँडीत होतो. अकरा वाजून गेलेले, पंख्याखाली बसलेलो, आणि पंखा थांबला. आधी वाटलं हॉटेलचंच काही असेल. मग समोरचं दुकान, मग चौकातला सिग्नल, मग फोनवर बातमी की अख्ख्या बेटावर वीज नाही. कोलंबोच्या खालच्या अंगाला पाणदुरा म्हणून गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात माकड शिरलं आणि चिकटलं ट्रान्सफॉर्मरला."

"मंग?"

"मग काय, संध्याकाळपर्यंत हळूहळू आली. पुढचे दोन दिवस दीड-दीड तास भारनियमन."

"आपल्या इथं काय माकडं कमी हायेत? आंब्याच्या दिवसात गच्चीवर धिंगाणा करते. पन पुऱ्या महाराष्ट्राची लाइन नाही जात बाप्पा."

एवढ्यात कोपऱ्यावरचे काका स्कूटर हळू करून गेटपाशी थांबले. कानावर 'लंका' आणि 'माकड' एवढंच पडलं असणार. "म्हणजे दुसऱ्यांदा!" म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत निघून गेले. मावशींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. "यायले तं तेच सुचन," म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

आमचं ले-आउट जुनं. घरांच्या मधल्या भिंती छातीपर्यंतच्या. आमच्या भिंतीवरच्या दोन विटा कधीतरी निघाल्या, त्या खाचेत वाटी बरोबर बसते. तीस वर्षांत त्या खाचेतून विरजण, कढीपत्ता, थर्मामीटर, लग्नपत्रिका आणि एकदा मांजरीचं पिल्लूही इकडून तिकडे गेलंय. त्या दिवशी तिथे मी आणलेला सिलोन चहाचा डबा होता. मावशींनी तो अजून उचलला नव्हता. आधी हिशेब पाहिजे होता.

"आता असं करा वैनी. सुंदर किती हाय ते आधी सांगा. मंग त्यायचे हाल सांगा."

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. फळ्यावर मधोमध रेघ ओढल्याशिवाय त्यांना शिकवल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, हीच तर पंचाईत आहे, रेघ ओढता येत नाही. आता हा डबाच घ्या.

कँडीहून नानू ओयापर्यंत आगगाडीनं गेलो, चार तास. डब्याची दारं उघडी, गोरी पोरंपोरी दारात लटकून फोटो काढतायत. लाज बाजूला ठेवून मीही डोकं बाहेर काढलं. बाहेर काय ते नुसतं हिरवं! डोंगराला कोणी तेल लावून बारीक फणीनं भांग पाडलेत असं वाटतं. एक धबधबा खिडकीच्या इतक्या जवळून गेला की चष्म्यावर थेंब आले. आमच्या ह्यांनी तासभर घोरणं बंद ठेवलं, यावरून काय ते समजा.

"हे झालं सुंदर," मावशी म्हणाल्या. त्यांनी डोक्यात रेघ ओढलीच होती.

"पण तो डोंगर तसा नव्हताच मावशी. आधी तिथे जंगल होतं. इंग्रजांनी ते तोडून कॉफी लावली. 1869 पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडायला लागला."

"गव्हावर पडते थो?"

"त्याचाच भाऊबंद. काही वर्षांत कॉफी साफ झाली. जेम्स टेलर म्हणून एका स्कॉटिश माणसानं 1867 मध्येच लूलकंदुराच्या मळ्यात चहा लावून पाहिला होता. मग जिकडे तिकडे चहाच. आणि पानं खुडायला? कॉफीच्या वेळेपासूनच तमिळनाडूतून गरीब माणसं आणत होते, ती आणखी आणली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथेच खुडतायत."

"कुठं राहते थे लोक?"

"लाइनीत. एका रांगेत दहा-बारा खोल्या, इंग्रजांच्या वेळच्या. लाइनच म्हणतात त्यांना."

"आपली जाते थे लाइन?"

"नाही हो. खोल्यांची लाइन."

मावशी हसल्या नाहीत. त्यांचं लहानपण एका गिरणीच्या चाळीत गेलंय, दहा बाय दहात सात माणसं. "मजुरी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, 2021 मध्ये सरकारनं रोजी हजार रुपये ठरवली, त्यांचे हजार. त्यानंतर थोडीफार वाढली. आपल्या रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळतात, म्हणजे हजाराचे तीनशेसुद्धा होत नाहीत. दिवसाला अठरा-वीस किलो पानं पाहिजेत. दोन पानं आणि मधली कळी, तेवढंच खुडायचं. वीस किलो भरायला बोटं कितीदा हलवावी लागत असतील ते तुम्हीच मोजा, गणित तुमचा विषय.

"वीस किलो अशी कळ्या-कळ्यांनी?" मावशींनी हातातल्या लसणाकडे पाहिलं. पाव किलोला त्यांचा अर्धा तास गेला होता.

मला तिथे एका गोष्टीची लाज वाटली, ती मी घरात कोणाला सांगितली नव्हती, मावशींना सांगितली. रस्त्याच्या कडेला दोन बाया झकपक साड्या नेसून, पाठीला वेताच्या टोपल्या लावून उभ्या होत्या. फोटोसाठी. पैसे देऊन मीही त्यांच्यामध्ये उभी राहून फोटो काढला. मग वर पाहिलं, तर खऱ्या खुडणाऱ्या उतारावर होत्या. कमरेला प्लॅस्टिकचं पोतं बांधलेलं, पाठीवर खताच्या पिशवीसारखी पिशवी, पायात काही नाही. एकीनंही मान वर केली नाही. मी हात हलवला होता.

"बरं झालं नाही पायलं," मावशी म्हणाल्या. "मान वर केली का एक किलो कमी भरते."

नागरिकत्वाचं सांगितलं तेव्हा तर त्यांनी ताट बाजूला ठेवलं. 1948 साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कायदा करून या लाखो लोकांना नागरिकत्व नाकारलं. मग 1964 मध्ये आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि त्यांच्या पंतप्रधान सिरिमाओबाई बसले आणि वाटणी केली, इतके तुम्ही घ्या, इतके आम्ही ठेवतो. जे राहिले त्यांतल्या शेवटच्यांना कागद मिळायला 2003 चा कायदा यावा लागला.

"म्हंजे डोंगर हिरवा करनाऱ्यायलेच गाव नाही."

"आता आहे."

"आता हाय म्हनता तुमी. पंचावन्न वर्षं काय आता असते का?"

यावर मी काय बोलणार. विषय खाण्यावर नेला. इंडिआप्पे म्हणजे हुबेहूब कोकणातल्या शिरवाळ्या. भात, नारळाच्या दुधातलं वरण, चार भाज्या. मातीच्या गाडग्यात म्हशीचं दही आणि वरून ताडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक. हे दही मात्र मी तीनदा खाल्लं. चटणीपासून सावध. ओल्या नारळाची लालभडक चटणी दिसते निरागस, आत सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो. आमच्या ह्यांना दोन दिवसांनी कळलं, तोवर वाटीभर रिचवली होती. "कोनाले सांगू नोका," मावशी म्हणाल्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनीला कळणार.

आमचा ड्रायव्हर मोठा गप्पिष्ट. भारतातल्या पाहुण्यांकडून शिकलेलं हिंदी. आधी त्याची रिक्षा होती. तिथे रिक्षाला थ्री-व्हील म्हणतात, नाहीतर सरळ 'बजाज'. जिकडे पाहावं तिकडे आपल्या पुण्याची बजाज. मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तर 2022 मध्ये हा माणूस त्या बजाजमध्ये दोन रात्री झोपला, पेट्रोलच्या रांगेत. बायको डबा घेऊन यायची, तीही चालत. पुढे सरकायचं तर इंजिन चालू करायचं नाही, खाली उतरून ढकलायची, कारण असलेलं पेट्रोल जपायचं. दोन रात्रींनी नंबर आला तेव्हा पंपावरचा माणूस म्हणाला, संपलं.

"आपल्या इथं नोटबंदीत मी उभी होती ना, स्टेट बँकेपुढं," मावशी म्हणाल्या. "पन मले घरी जाऊन झोपाले भेटलं."

"हे असं झालं कशानं?" हा पुढचा प्रश्न, आणि त्याला मी माझ्या बुद्धीनं उत्तर दिलं. कर्ज फार काढलं होतं, त्यात कर कमी केले. 2019 च्या ईस्टरला चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब फुटले, अडीचशेच्या वर माणसं गेली आणि पाहुणे यायचे थांबले. त्यावर करोना. आणि या सगळ्यात 2021 च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं, आजपासून देश सेंद्रिय. रासायनिक खताची आयात बंद.

"एका झटक्यात?"

"एका झटक्यात."

मावशींचा भाऊ काटोलकडे संत्रा करतो. "माह्या भावाले सांगा उद्यापासून युरिया बंद," त्या म्हणाल्या, "थो म्हनन, आधी शेनखत आना, मंग भाषन करा." तिथेही तेच झालं. भात घटला, चहा घटला. नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली, तोवर हंगाम गेला होता. चहा घटला की डॉलर घटला, डॉलर घटला की पेट्रोल नाही, गॅस नाही, दूध पावडर नाही. दिवसाला तेरा-तेरा तास अंधार. शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण छापायला कागद नव्हता.

परीक्षेचं ऐकून मावशी एकदम ताठ झाल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पुरानं, निवडणुकीनं, एकदा अस्वलानं परीक्षा थांबलेली त्यांनी पाहिली होती. कागदानं नाही. "आमी फळ्यावर पेपर लिहून दिला असता," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पन पोट्ट्यायनं लिहिलं कायच्यावर असतं?"

मग 9 जुलै 2022 चा दिवस सांगितला. लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले. पोरं त्यांच्या तलावात पोहली, बाया त्यांच्या सोफ्यावर टेकल्या, कोणी व्यायामाच्या यंत्रावर चढून बघितलं. आत पावणेदोन कोटींच्या वर रोकड सापडली, ती पोरांनी मोजली आणि पोलिसांना दिली. चारच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले.

"मोजून देल्ली?" मावशींना पोहण्यापेक्षा हेच पटलं. "कोन्या मास्तरचे पोट्टे असन."

माकडाचं मी त्याच ड्रायव्हरला विचारलं होतं. तो म्हणाला, मॅडम, बंदर तो बेचारा मर गया. लाइट बंदर ने नहीं, बंदर से पहले वालों ने गयी. त्याचं व्याकरण जाऊ द्या.

कालावेवा नावाच्या तलावाशी त्यानं गाडी थांबवली. तलाव कसला, समुद्रच. पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधलेला, अजून त्यावर शेती होते. त्याचा मुलगा काश्यप. त्यानं बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे विचारलं. बाप म्हणाला, चला दाखवतो. तलावात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हाच. त्यांच्या जुन्या बखरीत आहे हे. पोरानं बापाला भिंतीत चिणून मारलं, आणि मग भावाच्या भीतीनं सिगिरियाच्या कातळावर महाल बांधून राहिला. आज सगळं जग तिकीट काढून तो कातळ बघायला जातं. तिकीट डॉलरमध्ये, आपल्याला सार्कवाले म्हणून कमी. वर चढताना माझे गुडघे बोलायला लागले. खाली बागा, चौकोनी तळी, वर वारा, कातळाच्या पोटात रंगवलेल्या बायका, दीड हजार वर्षांचा रंग अजून ताजा. इतकं देखणं काही मी पाहिलं नाही. आणि बांधलं कोणी, तर बाप मारणाऱ्यानं.

मावशी भिंतीवर ओणवल्या आणि आवाज खाली आणला. "आपल्या लाइनीतला शेवटचा प्लॉट. बापाची सही घेतली दवाखान्यात, आन् आता तीन मजली बांधून राहिला." मी मागे वळून पाहिलं. खरंच, स्लॅब पडत होता. त्यानंतर दहा मिनिटं आम्ही लंकेत नव्हतो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत आलो ते अनुराधपुरावर. मावशींना खरं तर तेवढंच ऐकायचं होतं, बाकीचं त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपुराहून आणलेल्या रोपांतून वाढलेला, भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेल्या. हे त्यांनी वर्गातल्या पोरांना दरवर्षी सांगितलं. बाबासाहेब 1950 साली सिलोनला बौद्ध परिषदेला गेले होते, हेही त्यांना पाठ. स्वतः मात्र बुद्धगयेच्या पलीकडे गेल्या नाहीत.

"12 तारखेला पोहोचलो, पौर्णिमेला. तिथे पौर्णिमेला पोया म्हणतात, सुट्टी असते, दारू-मटण बंद. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यात. अशी गर्दी आणि इतकी शांत मी पाहिली नव्हती. झाड उंच ओट्यावर आहे, सोनेरी कुंपण, जवळ जाता येत नाही. फांद्यांना सोनेरी टेकू लावलेत. बावीसशे वर्षांहून जुनं झाड, म्हातारं माणूस काठ्यांवर उभं राहावं तसं दिसतं. खाली वारा आला की माणसं वर बघतात, पान पडेल म्हणून."

मावशींनी पदरानं हात पुसले.

"तिथली भाषा कानाला ओळखीची लागते हो. पुस्तकाला पोत म्हणतात, आपली पोथी. दाताला दत, कानाला कन. विहाराला पानसल, म्हणजे पर्णशाळा. आणि आभार मानायचे तर म्हणतात, स्तुती!"

"अन् अशी भाषा बोलनाऱ्यायनं इतके वर्षं लढाई काहून केली?" मावशी म्हणाल्या. "बुद्धाच्या देशात. मले हे कधीच समजलं नाही. पोट्टे विचारत, मी म्हनो, पुढच्या वर्गात शिकवतीन."

मीही शिकवू शकत नाही, पण एक वर्ष माझ्या डोक्यात अडकून बसलंय. 1956. ऑक्टोबरात इथे, आपल्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं म्हणून तिकडे सगळं बेट सजलं होतं, आणि जूनमध्ये तिथे कायदा झाला, राज्यभाषा फक्त सिंहला. म्हणजे तमिळ कारकून, तमिळ मास्तर, सगळ्यांनी आता सिंहला शिका, नाहीतर घरी बसा. ज्या पंतप्रधानांनी तो केला त्यांना तीन वर्षांनी एका भिक्खूनंच गोळ्या घातल्या. ते त्याला वाकून वंदन करत होते.

"भंतेनं?"

"भंतेनं."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आत कुकरची एक शिट्टी झाली.

मग मीच सांगत गेले, थांबवलं असतं तर बरं झालं असतं. जाफन्याचं ग्रंथालय, पांढरंशुभ्र, घुमटांचं. 1981 मध्ये जाळलं, आणि जाळणाऱ्यांत पोलीसही होते. सत्त्याण्णव हजार पुस्तकं, ताडपत्रांसकट. आता पुन्हा बांधलंय, आत पोरं अभ्यास करत बसलेली असतात, चपला बाहेर काढून. 1983 मध्ये कोलंबोत तमिळांची घरं जाळली, तिथून पुढे 2009 पर्यंत लढाई. दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. तिकडच्या बंडखोरांनी, तमिळ वाघांनी, शाळेतली पोरं उचलून लढायला नेली. आणि 1985 च्या मे महिन्यात अनुराधपुरात, त्याच झाडापाशी, पूजेला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या.

"झाडापाशी?"

"हो."

"आन् झाड हाय अजून."

"आहे. टेकू लावलेत म्हटलं ना."

दुसरी शिट्टी झाली. मी आत जाऊन माझी डायरी घेऊन आले आणि मधलं पान उघडून खाचेत ठेवलं. पोयाच्या दिवशी माझ्या पायाशी एक पान पडलं होतं. शेजारी उभी असलेली म्हातारी माझ्याहून चपळ होती, तिनं ते आधी उचललं, डोळ्यांना लावलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच हातात दिलं. मी स्तुती म्हटलं. ती हसली, माझा उच्चार चुकला असणार.

मावशींनी चष्मा लावला. पान वाळून तपकिरी झालेलं, शेपूट जरा दुमडलेलं, एका कडेला किडीनं खाल्लेलं भोक. त्यांनी त्याला बोट लावलं नाही. तेवढ्यात त्यांचा नातू सायकल घेऊन आला, डोकावून म्हणाला, "आजी, पिंपळाचं पान? दीक्षाभूमीवर पोतंभर पडलेले असतात."

"चूप बस. फ्रेम कुठं करून भेटते थे सांग."

"सीताबर्डीला. पन भोक हाय त्याले."

"राहू दे भोक." त्यांनी डायरी उचलली, मग चहाचा डबा उचलून त्यावरची अक्षरं चष्म्यातून वाचली. "वैनी, हा दूध घालून उकळाचा का नुसता?"

"नुसता, मावशी. दूध घातलं की फुकट जातो."

"मंग राहू द्या, ह्यायले जमनार नाही," म्हणत त्या तिसऱ्या शिट्टीला आत पळाल्या, डबा मात्र घेऊन गेल्या.